नोमांना शरीर द्या, स्वभाव नको

कल्पित वंशांची वर्णनं वाचताना एक वाक्य हटकून भेटतं: 'हे लोक स्वभावतः असे असतात.' नोमांच्या, म्हणजे पाश्चात्त्य गोष्टी-खेळांतल्या बुटक्या भुयारवासी लोकांच्या, वाट्याला अशी बरीच विशेषणं आली आहेत. ते कष्टाळू, चिवट, यंत्रवेडे, रत्नांचे लोभी, गुपितं जपणारे आणि थोडे खट्याळ. उंची तीन-साडेतीन फूट, आयुष्य चारशे वर्षांच्या आसपास, वस्ती जमिनीखाली. एवढं सांगून झालं की वर्णन संपतं आणि लेखक पुढच्या वंशाकडे वळतो. माझं भांडण या वर्णनाशी आहे. त्यातली उंची, आयुष्य आणि भुयारं यांना माझी हरकत नाही. उलट लेखक त्यांचा पुरेसा विचार करत नाहीत अशी माझी तक्रार आहे. हरकत आहे ती स्वभावाला. रक्तातून उंची उतरते, केसांचा रंग उतरतो. लोभ उतरत नाही, खोदकामाची हौसही उतरत नाही. खऱ्या माणसांबद्दल असं काही बोलायला आज निदान चारचौघांत तरी लोक कचरतात. मग माणसांसारखंच बोलणाऱ्या, रडणाऱ्या, करार करणाऱ्या कल्पित लोकांबद्दल ते बिनदिक्कत का बोलायचं?

या वादाला अलीकडे धार आली आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कल्पित पात्र निवडून त्याची भूमिका वठवण्याचा खेळ १९७४ साली निघाला आणि १९७८ च्या नियमपुस्तकात नोम हा खेळाडूला निवडता येणारा वंश झाला. २०१४ च्या नियमांत नोम निवडला की बुद्धीचे दोन गुण आपोआप वाढत. २०२४ च्या नियमांनी 'वंश' ऐवजी 'प्रजाती' म्हणायला सुरुवात केली आणि ही गुणवाढ जन्मापासून तोडून पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली, म्हणजे ते कुठे वाढलं, काय शिकलं याच्याशी. यावर दोन तट पडले. एक म्हणतो, गोष्टीत आणि खेळात कसली आली आहे समता, जुनं होतं ते ठीक होतं. दुसरा म्हणतो, जन्मजात फरक जितके कमी होतील तितकं चांगलं. मला बदलाची दिशा योग्य वाटते, पण दुसऱ्या तटाचं म्हणणं शेवटापर्यंत नेलं तर हाती येतो तो फक्त आखूड माणूस. त्याला भुयारात का राहायचं आहे, तो काय खातो, म्हातारा कधी होतो, यातलं काहीच वेगळं उरत नाही. शरीर वेगळं असेल तर जगणं वेगळं होणारच, आणि ते वेगळेपण मन लावून रेखाटणं हे लेखकाचं काम आहे. फक्त शरीर आणि शील यांच्यामध्ये परिस्थिती असते, इतिहास असतो. ही मधली जागा गाळून शरीरावरून थेट शीलावर उडी मारू नये.

नोम ही कल्पना कुठून आली हे पाहिलं तर या उडीचं मूळही दिसतं. तिला नाव दिलं पॅरासेल्सस या स्विस वैद्याने. त्याच्या मृत्यूनंतर, १५६६ साली छापल्या गेलेल्या पुस्तकात पृथ्वी, पाणी, वायू आणि अग्नी या चार तत्त्वांत राहणाऱ्या जीवांचं वर्णन आहे. त्यातले पृथ्वीत राहणारे ते नोम. आपण हवेतून जितक्या सहज चालतो तितक्या सहज ते माती-कातळातून चालतात. ते जेवतात, बोलतात, त्यांना पोरंबाळं होतात. सगळं माणसासारखं, फक्त त्यांना आत्मा नाही.

याच वैद्याचं आणखी एक पुस्तक त्याच्या पुढच्या वर्षी, १५६७ मध्ये, छापलं गेलं. ते खाणकामगारांच्या छातीच्या आजारावर आहे. डोंगरातली भुतं पापाची शिक्षा म्हणून हा आजार देतात अशी तेव्हा समजूत होती. पॅरासेल्ससने ती बाजूला सारली आणि सांगितलं की धातूंच्या वाफा श्वासावाटे आत जातात, त्याने माणूस मरतो. त्याच काळात खाणगावात वैद्यकी केलेल्या जॉर्जिअस अॅग्रिकोलाने १५४९ मध्ये जमिनीखालच्या प्राण्यांवर लिहिताना बुटक्या, म्हाताऱ्या दिसणाऱ्या भुतांची नोंद केली. ती खाणकामगारांसारखे कपडे घालतात, कमरेला चामडं बांधतात, खोदल्यासारखं करतात पण काम पुढे सरकत नाही. आणि याच अॅग्रिकोलाने १५५६ च्या आपल्या खाणशास्त्राच्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे की कार्पेथियन पर्वतातल्या खाणींच्या गावांत अशा बायका आहेत ज्यांनी सात-सात लग्नं केली, कारण प्रत्येक नवरा क्षयाने गेला.

भुताची नोंद आणि विधवेची नोंद एकाच लेखणीतून उतरलेली आहे. जमिनीखाली काम करणारा, वाकलेला, धुळीने पांढरा झालेला, अकाली म्हातारा दिसणारा माणूस तिथे खराच होता. वरच्या जगाने त्याच्याकडे पाहून एक निराळा जीव कल्पिला, जो आनंदाने खाली राहतो, ज्याला वारा-ऊन नको असतं आणि ज्याला आत्मा नाही. मी असं म्हणत नाही की कुणी बसून हा कट रचला. पण 'त्यांना ते आवडतंच' ही समजूत कुणाच्या सोयीची आहे हे विचारायला हवं. ब्रिटनमध्ये १८४२ साली कायदा होईपर्यंत मुलं-मुली कोळशाच्या खाणीत उतरत होती. हवा खेळती ठेवणाऱ्या दारांपाशी लहान मूल अंधारात बसे, गाडी आली की दार उघडे, गेली की लावून घेई. जिथे मोठ्या माणसाला उभं राहता येत नसे अशा अरुंद थरांतून पोरं कोळशाच्या गाड्या ओढत. अंग लहान म्हणून त्यांना खाली पाठवलं जाई. कायद्याने दहा वर्षांखालच्या मुलग्यांना आणि सर्व स्त्रियांना व मुलींना खाली उतरायला बंदी केली. लहान अंग आणि भुयार यांची सांगड घालणारी कल्पना निरागस नाही, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

आता शरीर. गॅलिलिओने १६३८ मध्येच दाखवून दिलं की आकार बदलला की सगळं एका प्रमाणात बदलत नाही. लांबी निम्मी केली तर स्नायूचा छेद चौथा हिस्सा होतो आणि वजन आठवा हिस्सा. आपला नोम एक मीटर उंच आणि अंगाने थोराड, १६ किलोंचा धरू. असं शरीर अशक्य मुळीच नाही. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या लिआंग बुआ गुहेत २००३ साली ज्या मानवाचे अवशेष सापडले तो साधारण एवढाच उंच होता. त्याचा मेंदू आपल्या मेंदूच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास होता, तरी त्या गुहेत दगडी हत्यारं मिळाली आहेत. पण नोमांकडून आपण हत्यारांच्या पुढचं मागतो. घड्याळं, कुलपं, कायदे, कविता. म्हणून त्यांना आपल्याएवढाच मेंदू देऊ आणि त्याची किंमत काढू.

माक्स क्लायबरने १९३२ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार १६ किलोंच्या सस्तन प्राण्याला नुसतं जिवंत राहायला दिवसाला सुमारे ५६० किलोकॅलरी लागतात. ६५ किलोंच्या माणसाला सुमारे १,६०० लागतात आणि त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे तीनशेवर, एकटा मेंदू खातो. तेवढाच मेंदू नोमाच्या डोक्यात ठेवला तर त्याच्या ५६० पैकी निम्म्याहून जास्त तिथेच खर्ची पडतात. याला निसर्गात एक दाखला आहे आणि तो आपल्याच घरात असतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की पाच वर्षांच्या आसपास मुलाचा मेंदू विश्रांतीच्या वेळच्या ऊर्जेचा जवळपास दोन-तृतीयांश वाटा घेतो आणि नेमक्या त्याच वयात शरीराची वाढ मंदावते. नोम म्हणजे त्या टप्प्यावर आयुष्यभर राहिलेलं शरीर. त्याला लहान पोट चालेल, पण ते पोट चांगल्या, शिजवलेल्या, पचायला हलक्या अन्नाने वारंवार भरावं लागेल. उपास त्याला आपल्यापेक्षा फार लवकर बाधेल. वजनाच्या मानाने त्वचा जास्त असल्याने थंडीही लवकर लागेल. या एका हिशेबातूनच नोमांच्या वस्तीचा नकाशा बदलतो. वस्तीच्या मध्यभागी चूल आणि कोठार येतं, कारण तिथला एक दिवसाचा दुष्काळ आपल्या तीन दिवसांच्या दुष्काळासारखा असू शकतो.

बाळंतपणाचा प्रश्न तर लेखकांनी जवळजवळ टाळलेलाच आहे. माणसाचं मूल जन्मताना डोक्यामुळेच अडतं, आणि आपला मेंदू बराचसा जन्मानंतर वाढतो. एक मीटर उंचीच्या आईला त्याहून कितीतरी आधी, कितीतरी अपुरं मूल जन्माला घालावं लागेल. ते मूल दीर्घकाळ अंगाच्या उबेवर जगेल, आणि दिवसभर खात राहणाऱ्या त्या बाळाला एकटी आई पोसू शकणार नाही. म्हणजे बाप, आजी, आत्या, शेजारी, सगळ्यांचे हात लागणार. नोमांच्या गोष्टींत दाढीवाले बाप्ये शंभर आणि बाई एखादी, तीही स्वयंपाकघरात, असं का असतं? जीवशास्त्र तर सांगतं की त्या वस्तीत सर्वांत मोठं सार्वजनिक काम बालसंगोपनाचं असेल. ज्या लेखकाने नोमांची टांकसाळ रंगवली पण पाळणाघर रंगवलं नाही, त्याने त्या समाजाचा कणाच सोडून दिला.

आणि खोदकाम? नोम जन्मजात खाणकरी, हे तर सगळ्यांनी गृहीतच धरलेलं आहे. हिशेब मांडू. आपल्या उंचीच्या तुलनेत नोमाला लागणाऱ्या बोगद्याचा छेद साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे तेवढाच कमी कातळ फोडायचा. पण त्याच्या शरीराची रोजची ऊर्जाही आपल्या तिसऱ्या हिश्शाएवढीच आहे आणि त्यातली निम्मी मेंदूने नेली आहे. म्हणजे लहान असण्याचा सगळा फायदा फिटला, वर थोडा तोटाच झाला. त्यातून घाव घालायची ताकद ही शरीराच्या आकारमानावर अवलंबून असते. नोमाच्या घणाचा एक घाव आपल्या घावाच्या चौथ्या हिश्शाएवढा बसेल. कातळाला मात्र समोर कोण उभं आहे याची पर्वा नसते, त्याला फुटायला लागतो तेवढाच जोर लागतो. तेव्हा नोम हा जन्मतः वाईट खाणकरी आहे. घण त्याच्या कामाचा नाही. त्याला पाचर, तरफ, कप्पी, रहाट, पाण्यावर फिरणारं चाक यांच्या मागे जावंच लागेल, आणि पिढ्यान्पिढ्या गेल्यावर तो त्यात आपल्या फार पुढे निघून जाईल. यंत्रांचं वेड रक्तात असतं असं म्हणण्यापेक्षा ही हकीकत मला शतपट सुंदर वाटते. यात त्या लोकांचं कर्तृत्व त्यांच्याकडेच राहतं. कुणीतरी पहिली कप्पी टांगली, कुणाची तरी ती तुटून बोटं गेली, कुणीतरी ती सुधारली. 'ते असतातच हुशार' म्हणून आपण त्यांच्या शिक्षणाचा, अपयशाचा, सगळ्या इतिहासाचा हक्क काढून घेतो.

लहानपणाचे खरे फायदेही आहेत आणि ते कुणी फारसे वापरत नाहीत. स्वतःच्या वजनाच्या मानाने नोम आपल्या दीडपटीहून बळकट असेल, म्हणून शिडी, दोर, उभा कडा यांवर तो सहज चढेल. पडण्याची भीतीही त्याला आपल्याहून कमी. जे. बी. एस. हाल्डेनने १९२६ मध्ये लिहिलं होतं की हजार यार्ड खोल खाणीत टाकलेला उंदीर थोडा हबकतो आणि चालू लागतो, माणसाची मात्र हाडं मोडतात. नोम या दोघांच्या मध्ये, पण माणसाच्याच जवळचा. दहा-बारा फुटांवरून पडला तर तो बहुधा उठून उभा राहील, शंभर फुटांवरून नाही. उभ्या विहिरींतून वरखाली घरं असलेलं गाव या शरीराला शोभेल. आपण मात्र त्याच्यासाठी माणसाच्याच घराचं छत खाली आणतो.

मग तो जमिनीखाली राहतोच कशाला? कारणं असू शकतात. खोल गुहेतलं तापमान वर्षभर जवळपास एकसारखं राहतं आणि लवकर गारठणाऱ्या शरीराला ते फार मोलाचं आहे. वर शिकारी प्राणी असतील, किंवा वरची जमीन मोठ्या माणसांनी बळकावली असेल. ही तिन्ही कारणं मला पटतात. 'त्यांना अंधार प्रिय आहे' हे कारण नव्हे. पण एकदा खाली राहायचं ठरलं की दोन गोष्टी त्या समाजावर राज्य करू लागतात, अन्न आणि हवा.

अन्न उन्हात पिकतं. जमिनीखाली धातू आहे, दगड आहे, पाणी आहे, पण धान्य नाही. अळंब्या वाढवायच्या म्हटलं तरी त्यांना लाकूड, पालापाचोळा वरूनच आणावा लागतो. म्हणजे नोमांचं प्रत्येक गाव हे कुणाच्या तरी शेतावर अवलंबून असलेलं गाव आहे. त्यांच्याकडे देण्यासारखं काय, तर धातू आणि रत्नं. आता त्या बदनाम खजिन्याकडे पाहा. वरच्या जगात पाऊस हुकला, शेतकऱ्याने भाव चौपट केला किंवा राजाने फाटक लावून घेतलं, तर खालच्या गावाला वाचवणारी एकच वस्तू आहे आणि ती म्हणजे साठवलेलं सोनं. खजिना हे त्यांचं कोठार आहे. निम्मी ऊर्जा मेंदूला देणाऱ्या, उपासाला न टिकणाऱ्या शरीरांनी रचलेली ती दुष्काळाची तजवीज आहे. वरच्या माणसाला त्यात लोभ दिसला, कारण त्याने स्वतः कधी फाटकाबाहेर उभं राहून धान्य मागितलं नव्हतं.

हवेचं राजकारण याहून कडक असणार. उघड्यावर शेजाऱ्याने चूल पेटवली तर आपल्याला फरक पडत नाही. बंद भुयारात एकाच्या भट्टीचा धूर सगळ्यांच्या छातीत जातो. त्या गावात आग ही खासगी मालमत्ता असू शकत नाही. भट्टी कधी पेटवायची, किती वेळ, कुणी, हे सगळं ठरवून घ्यावं लागेल, आणि ते ठरवणारा, हवेच्या झडपा ज्याच्या ताब्यात तो, त्या गावातला सर्वांत बलवान माणूस असेल. राजापेक्षाही. त्याची नेमणूक कशी होते, तो लाच घेतो का, त्याला काढता येतं का, गरिबांची वस्ती हवेच्या वाटेच्या शेवटाला आहे का, या प्रश्नांवर अख्खी कादंबरी उभी राहील. नोम 'शिस्तप्रिय' आणि 'नियमांना चिकटून' असतात असं कुठे वाचलं की मला वाटतं, त्यांनी हवेच्या भांडणात किती माणसं गमावल्यावर ते नियम केले, हे कुणी विचारलंच नाही.

आता चारशे वर्षांचं आयुष्य. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या नियमपुस्तकात नोम साडेतीनशे ते जवळजवळ पाचशे वर्षं जगतात. ऐकायला अतिरेकी वाटतं, पण दिशा बरोबर आहे. पूर्व आफ्रिकेत बिळांत राहणारा केसहीन 'नेकेड मोल रॅट' जेमतेम ३५ ग्रॅमचा असतो आणि तीस वर्षांहून जास्त जगतो. त्याच्याएवढ्या उंदराला चार वर्षं म्हणजे पुष्कळ झाली. सायबेरियात सात ग्रॅमचं एक वटवाघूळ निदान ४१ वर्षं जगल्याची नोंद आहे. दोघांत समान गोष्ट एकच, बाहेरच्या मृत्यूपासून संरक्षण: एकाला जमिनीचं, दुसऱ्याला उडण्याचं. जिथे शिकारी तुम्हाला तरुणपणीच खात नाही तिथे उशिरा म्हातारं होण्याचा फायदा मिळतो, हे सूत्र पीटर मेडावरच्या १९५२ मधल्या मांडणीपासून जीवशास्त्रात स्थिरावलं आहे. तेव्हा भुयारातले नोम दीर्घायुषी असणं शास्त्राला धरून आहे. चारशे हा आकडा कल्पनेचा आणि तो मी आनंदाने स्वीकारतो.

पण मग त्याचे परिणामही स्वीकारा. समजा तिथली आई सरासरी दीडशे वर्षांची असताना मूल होतं आणि प्रत्येक जोडप्यामागे सरासरी २.२ मुलं जगतात. म्हणजे एका पिढीत, दीडशे वर्षांत, लोकसंख्या दहा टक्क्यांनी वाढते. एका साथीने निम्मं गाव गेलं तर ते भरून यायला सात पिढ्यांहून जास्त, म्हणजे हजारावर वर्षं लागतील. अशा समाजात लढाई हा पर्यायच नाही. एक जिंकलेली लढाईसुद्धा त्यांना संपवू शकते. म्हणून ते दडून राहतात, भ्रम निर्माण करतात, वाटा लपवतात, तह करतात. गोष्टींनी याला भित्रेपणा म्हटलं. आणि तिथला अन्यायही निराळा असेल. ज्या सावकाराने तुमच्या पणजोबाला फसवलं तो अजून जिवंत आहे आणि गावसभेत पहिल्या रांगेत बसतो. ऐंशी वर्षांची उमेदवारी संपवून आलेल्या तरुणाला जागा मिळत नाही, कारण जागेवरचा माणूस आणखी दोनशे वर्षं हलणार नाही. दीर्घायुष्याने येणारं शहाणपण सगळ्यांनी रंगवलं. त्याने तुंबणाऱ्या खुर्च्या फारशा कुणी रंगवल्या नाहीत.

इतकं सगळं वेगळेपण आलं आणि यात मी कुठेही नोमांना स्वभाव दिलेला नाही. कष्ट, यंत्र, साठवण, शिस्त, सावधपणा, जुनी बहुतेक विशेषणं हाताशी आली, पण परिस्थितीला दिलेली उत्तरं म्हणून. उत्तर चुकू शकतं, बदलू शकतं, त्याबद्दल गावात दोन मतं असू शकतात. वरच्या शेतकऱ्यांशी पक्का तह झाला, तीन पिढ्या धान्य अडलं नाही, तर साठवणीची सवय सुटेल आणि खजिना कशासाठी ठेवायचा यावर म्हाताऱ्यांची आणि तरुणांची जुंपेल. 'स्वभावतः लोभी' असलेल्या लोकांच्या गोष्टीत हे भांडण होऊच शकत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. प्राण्यांत वागणूक वारशाने येतेच ना? त्या बिळातल्या मोल रॅटमध्ये एक राणी प्रजनन करते आणि बाकीचे राबतात, हे त्यांनी सभा घेऊन ठरवलेलं नाही. मग नोमांना खोदण्याची उपजत प्रेरणा का असू नये? असू द्या, पण मग तशीच गोष्ट लिहा. भाषा, उमेदवारी, करारपत्रं, न्यायनिवाडा हे सगळं देऊ नका. ज्याला शिकावं लागतं त्याला न शिकताही राहता येतं, आणि ज्याला वचन देता येतं त्याला ते मोडताही येतं. शिवाय त्या मोल रॅटमध्येही सगळे सारखे नसतात. १९९६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की त्यांच्यात अधूनमधून एखादा वेगळाच निपजतो. तो अंगाने लठ्ठ असतो, बिळातल्या कामाला फारसा हात लावत नाही आणि संधी मिळताच बाहेर पळू बघतो. निसर्गाने ३५ ग्रॅमच्या प्राण्याला जेवढं वैविध्य दिलं तेवढं तरी आपण बोलत्या-चालत्या नोमांना द्यावं. संवेदनांचे फरक मी आनंदाने मान्य करीन: अंधारात बोटांनी वाचणारे हात, लहान डोक्याला ऐकू येणारे बारीक आवाज, अरुंद जागेत न घाबरणारं मन. हात तरबेज असला तरी तो चोरी करील की शुश्रूषा, हे हातावरून कळत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो, कारण तो करणारे वाईट हेतूने करत नाहीत. 'नोम खरे नाहीतच, मग दुखावतं कोण?' नोम खरे नाहीत, पण कमी उंचीची माणसं खरी आहेत. अकॉन्ड्रोप्लेजिया हे कमी उंचीचं सर्वांत जास्त आढळणारं आनुवंशिक कारण. त्यामागचा जनुकातला बदल १९९४ मध्ये सापडला, आणि अशा दहांतल्या आठ मुलांचे आईवडील सरासरी उंचीचे असतात. म्हणजे तेच घर, तीच भाषा, तेच संस्कार, फक्त हाडांची वाढ वेगळी. त्या माणसांत वकील आहेत, खेळाडू आहेत, अबोल आहेत, तापट आहेत. उंचीवरून स्वभाव ठरत असता तर तो इथे दिसला असता, आणि तो दिसत नाही. तरी रस्त्यावर त्यांच्याकडे बघून हसणाऱ्यांच्या डोक्यात काय असतं? शतकानुशतकांच्या गोष्टींतला खट्याळ, हास्यास्पद, खजिन्यावर बसलेला बुटका असतो. राजदरबारांत अशा माणसांना करमणुकीसाठी पाळलं जाई, पुढे जत्रांत तिकीट लावून दाखवलं जाई. ती नजर गोष्टींनी एकट्यांनी घडवली नाही, पण तिला खाद्य पुरवत राहिल्या.

राहिला वाचकाच्या सोयीचा मुद्दा. पन्नास पात्रं असलेल्या गोष्टीत प्रत्येकाचा इतिहास सांगता येत नाही, चटकन ओळख पटायला काहीतरी लागतं, हे खरं आहे. ओळख शरीराने पटवा, कामाने पटवा, गावाने पटवा. 'तो झडपांवरचा नोम', 'ती दोरवाल्यांच्या वस्तीतली' एवढ्याने काम भागतं, शब्दही तेवढेच लागतात. नियमपुस्तक लिहिणाऱ्यांनी 'स्वभाव' या परिच्छेदाच्या जागी चार गोष्टी छापाव्यात: हे लोक काय खातात आणि ते कुठून येतं, हवा कोण सांभाळतं, मुलं कोण वाढवतं, म्हातारे जागा कधी सोडतात. खेळणाऱ्या पोरांना या चार उत्तरांतून दहा पात्रं सुचतील आणि ती एकमेकांसारखी नसतील.

आणि एक सवय मात्र सोडायलाच हवी. अलीकडच्या गोष्टींत 'इतरांसारखा नसलेला' एखादा नोम नायक असतो, त्याला खाणी आवडत नाहीत, सोनं आवडत नाही, तो उन्हात निघून जातो. लेखकाला वाटतं आपण साचा मोडला. प्रत्यक्षात तो साचा आणखी घट्ट होतो, कारण त्या एकाला मोठं करण्यासाठी मागे राहिलेल्या सगळ्यांना तसंच ठेवावं लागतं. खाणीचा कंटाळा आलेले त्या गावात निदान चाळीस जण हवेत. त्यांतले काही कुरकुरत रोज खाली उतरत असतील, एखादी झडपांच्या निवडणुकीला उभी राहत असेल, एखादा वर जाऊन शेतमजुरी करून परत आला असेल. आणि ज्याला खाण मनापासून आवडते त्याचं आवडणंही मग त्याचं स्वतःचं ठरेल.